गडाची दारू कोरडी ठेवणारा कारभारी : रामचंद्रपंत अमात्य

शेतकरी बंधूंनो, रोहिणी नक्षत्र निघाले की बागलाणात घरोघरी एकच धांदल उडते. उन्हाळ कांदा चाळीत गेला का? बाजरी, मका पोत्यात भरली की अजून खळ्यावरच पडून आहे? खताच्या गोण्या कुठे लावायच्या? कडब्याची गंजी शाकारायची राहिली की काय? मृगाचा पहिला सडाका कधी येईल याचा नेम नसतो. आणि एकदा का ओल शिरली, की वर्षभराच्या घामावर पाणी पडलेच म्हणून समजा. कांद्याला कोंब फुटतात, धान्याला जाळी धरते, युरियाचे दगड होतात. ओल ही आपली पिढ्यान् पिढ्यांची वैरीण आहे.

पण ओलीशी भांडण एकट्या शेतकऱ्याचे नाही. एके काळी अख्ख्या राज्याला हे भांडण भांडावे लागत होते. आपल्या तालुक्यातले साल्हेर आणि मुल्हेर हे गड डोळ्यांपुढे आणा. साल्हेरची उंची १५६७ मीटर, महाराष्ट्रातल्या किल्ल्यांत सर्वांत उंच. तिकडे पश्चिमेच्या डोंगरात पाऊस कोसळतो तो सटाण्याच्या पावसासारखा नव्हे. दिवसेंदिवस ढग गडावरच मुक्कामाला असतात. अशा ठिकाणी तोफेची आणि बंदुकीची दारू चार महिने कोरडी कशी ठेवायची? दारू म्हणजे गुत्त्यावरची नव्हे बरं का! शोरा, गंधक आणि कोळसा कुटून केलेली काळी दारू. ती सादळली, तर तोफ म्हणजे नुसता ओतीव लोखंडाचा ओंडका. गडावर शे-दोनशे माणसे जीव मुठीत धरून बसलेली, खाली शत्रूचा वेढा आणि कोठारातली दारू चिखल झालेली, असे झाले तर गड गेलाच.

या प्रश्नाचे उत्तर मराठीत स्पष्ट लिहून ठेवणारा एक कारभारी होऊन गेला. त्यांचे नाव रामचंद्रपंत अमात्य. तलवारीने नाव कमावलेले वीर आपल्याला पाठ असतात. कोठार सांभाळून राज्य राखणारे मात्र विसरायला होतात. आपला सटाणा तालुका तरी असा नाही. दुष्काळात सरकारी खजिना गोरगरिबांसाठी मोकळा करणाऱ्या मामलेदाराला देव मानून त्याची यात्रा भरवणारे आपण लोक. चांगला कारभारी म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून आज या पानावर पंतांचे चरित्र.

कारकुनीतून वर आलेला माणूस

रामचंद्रपंतांचा जन्म १६५० च्या सुमारासचा. वडील निळो सोनदेव हे शिवाजी महाराजांचे मुजुमदार, म्हणजे राज्याच्या जमाखर्चाचे प्रमुख. चुलते आबाजी सोनदेव यांचे नाव कल्याणच्या मोहिमेमुळे सर्वांना ठाऊक आहे. घराण्याचे मूळ आडनाव बहुतकर. पुढे गगनबावड्याचा मुलूख त्यांच्याकडे आला आणि लोक त्यांना बावडेकर म्हणू लागले.

घर मोठे, पण सुरुवात लेखणीनेच झाली. तरुणपणी त्यांनी दफ्तरात कारकुनी केली. कागद वाचायचा, हिशेब जुळवायचा, कोणत्या महालातून काय आले आणि कुठे गेले याची नोंद ठेवायची, हे शिक्षण. १६७२ मध्ये वडिलांचे काम थोरल्या भावासह त्यांच्याकडे आले. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा मुजुमदार या पदाला अमात्य हे नाव मिळाले आणि अष्टप्रधानांतले ते पद रामचंद्रपंतांना दिले गेले. वय अवघे चोवीस-पंचवीस.

आता १६७२ हे साल आपल्या मुलखासाठीही मोठे. साल्हेर आदल्या वर्षीच, १६७१ च्या सुरुवातीला, मराठ्यांनी घेतला होता. तो परत मिळवायला इखलासखान आणि बहलोलखान मोगली फौज घेऊन वेढा घालून बसले. मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी फेब्रुवारी १६७२ मध्ये साल्हेरच्या पायथ्याशी मोगलांचा मोड केला. उघड्या मैदानातला मराठ्यांचा हा मोठा विजय. सूर्यराव काकडे याच लढाईत जंबूरकाचा गोळा लागून पडले. लवकरच मुल्हेरही स्वराज्यात आला. लढणारे लढले. पण इतके गड सांभाळायचे म्हणजे धान्य, मीठ, तेल, लोखंड, दारूगोळा, सगळ्याचा हिशेब आलाच. तो हिशेब ज्या दफ्तरात होत होता, तिथे हा तरुण मुजुमदार बसलेला होता.

महाराजांची तालीम

पंत कोणत्या शाळेत शिकले ते समजायला एकच उदाहरण पुरे. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला एक पत्र पाठवले होते. त्यात लढाईचा डावपेच नाही. पावसाळ्यासाठी साठवलेले गवत-दाणा आताच उधळला तर पुढे घोडी उपाशी मरतील, मग शिपाई रयतेच्या घरात शिरतील आणि लोकांना मोगल बरे वाटू लागतील, हा इशारा त्यात आहे. इतकेच नव्हे, तर रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजीला आग लागेल, इथपर्यंत बारकावा आहे. एवढा मोठा राजा उंदराचा आणि वातीचा विचार करतो! साठवण म्हणजे राज्यकारभार, हा धडा पंतांनी तिथून घेतला आणि जन्मभर जपला.

राज्य नव्हते, तेव्हा राज्य चालवले

१६८० मध्ये शिवाजी महाराज गेले. १६८२ पासून औरंगजेब सगळे बळ घेऊन दक्षिणेत उतरला. आपल्याच जिल्ह्यातल्या रामशेजने तेव्हा त्याला पाच वर्षांहून अधिक काळ झुंजवले. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून किल्लेदाराने झाडांचे बुंधे कोरून, कातडे लावून लाकडी तोफा केल्या, असे मोगलांकडचाच इतिहासकार खाफीखान सांगतो. इथे जरा थांबून विचार करा. तोफ लाकडाची असून चालली, पण दारू ओली असती तर चालली असती का? पाच पावसाळे त्या डोंगरावर कुणीतरी ती दारू जपली होती. त्या माणसाचे नाव इतिहासात नाही.

मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच साली रायगड पडला. राजाराम महाराज जीव वाचवून कर्नाटकात जिंजीला गेले. राजा आठशे-हजार किलोमीटरवर, खजिना रिकामा, गडामागून गड पडताहेत. अशा वेळी महाराष्ट्रातला सगळा कारभार रामचंद्रपंतांच्या हाती देण्यात आला. त्यांना हुकूमतपनाह हा किताब मिळाला. अर्थ असा, की राजाला विचारायला वेळ नसेल तेव्हा पंतांचा निर्णय तोच राजाचा निर्णय.

पंतांनी विशाळगड आणि पन्हाळ्याच्या मुलखातून आठ-नऊ वर्षे राज्य चालवले. शंकराजी नारायण सचिव, परशुराम त्रिंबक, संताजी घोरपडे, धनाजी जाधव अशी जबर माणसे त्यांनी एका दावणीला बांधली. संताजी-धनाजीच्या घोडदौडीची कीर्ती आपण ऐकतो. पण दौड करून आलेल्या स्वाराला कुठल्या गडावर चंदी मिळेल, कुठे दारूगोळा मिळेल, जखमी कुठे ठेवायचे, हे कुणीतरी बघत होते ना? ते काम पंतांचे. गेलेले गड एकेक करून परत येऊ लागले. १६९२ मध्ये पन्हाळा परत मिळाला. १६९८ मध्ये राजाराम महाराज महाराष्ट्रात परतले, तेव्हा त्यांना परतायला राज्य शिल्लक होते, यात पंतांचा वाटा फार मोठा.

याची किंमतही मोजावी लागली. लोकांना धरून ठेवायला वतने आणि इनामे सढळ हाताने द्यावी लागली. ती देताना पंतांना काय वाटले असेल, ते पुढे त्यांच्या लिखाणात दिसते. वतनदार हा आपल्या जागी लहानसा राजाच असतो, त्याला मर्यादेत ठेवले पाहिजे, असा त्यांचा पक्का निष्कर्ष झाला होता.

१७०० मध्ये राजाराम महाराज गेले. ताराबाईंच्या कारभारात पंत राहिले. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ मेला, शाहू महाराज सुटून आले आणि राज्याच्या दोन गाद्या झाल्या. पंत कोल्हापूरच्या बाजूला राहिले. १७१४ मध्ये तिथे सत्ता पालटली, राजसबाई आणि त्यांचे पुत्र संभाजीराजे पुढे आले, त्यात पंतांचाही हात होता. याबद्दल अभ्यासकांत आजही दोन मते आहेत. एवढे खरे, की पाच राज्यकर्त्यांचा काळ पाहिलेला आणि दोनदा सगळे संपल्यासारखे अनुभवलेला हा म्हातारा आता साठीच्या पुढे गेला होता.

आज्ञापत्र : कारभाऱ्याची वही

१७१५ मध्ये आज्ञापत्र लिहिले गेले. ते राजाच्या नावाने आहे. लेखणी रामचंद्रपंतांची, असे बहुतेक अभ्यासक मानतात. नवीन राजाने राज्य कसे करावे याचा तो पाठ आहे. राजा कसा असावा, प्रधान कसे असावेत, सावकार का सांभाळावेत, परदेशी टोपीकरांना किनाऱ्यावर पक्की जागा का देऊ नये, वतनदारांशी कसे वागावे, गड कसे बांधावेत, आरमार कसे ठेवावे, असे सगळे त्यात आले आहे.

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी आणि सरपंच मंडळींनी त्यातला गडांचा भाग जरूर वाचावा. गड बांधायचा तर आधी पाणी बघा, मग बांधकाम काढा. एका झऱ्यावर भिस्त ठेवू नका, राखीव टाकी ठेवा. गडावरचा केरकचरा खाली ढकलू नका, तिथेच जाळून त्याची राख परसातल्या भाजीला घाला. आरमारासाठी लाकूड हवे असेल तर रयतेचे आंबे-फणस तोडू नका, कारण ते झाड एका-दोन वर्षांत होत नाही, लोकांनी ते लेकरासारखे वाढवलेले असते. तीनशे वर्षांपूर्वीचे हे लिखाण आहे, बंधूंनो! ग्रामसभेत आजही वाचून दाखवण्याजोगे आहे.

दारूखाना कसा असावा?

आता मुद्द्यावर येऊ. पंतांनी दारूखान्याबद्दल सांगितलेले नियम आपल्या भाषेत असे :

पहिला नियम जागेचा. दारूचे कोठार राहत्या घरांजवळ नको. सदरेपासूनही अंतरावर, वेगळे बांधायचे.

दुसरा नियम कुंपणाचा. कोठाराभोवती निर्गुडीसारख्या झाडांची दाट कूस लावायची. निर्गुडी आपल्या बांधावर, नाल्यावर भरपूर. शेळी तिला फारसे तोंड लावत नाही, फांदी खोचली तरी धरते आणि बघता बघता गच्च होते. अशी कूस असली की भटके जनावर आणि रिकामटेकडा माणूस सहज आत घुसत नाही. आपल्या आज्ज्या धान्याच्या कणगीत कडुलिंबाबरोबर निर्गुडीचा पाला घालत, ते आठवत असेलच.

तिसरा नियम बांधणीचा. तळघर करायचे आणि त्याला चुन्याची पक्की गच्ची करायची. जमिनीतून ओल वर चढू नये आणि भिंतीतून पाझर येऊ नये हा हेतू. जमिनीखाली उष्णतेचा चढउतार कमी, हाही फायदा. हवा दिवसा तापली आणि रात्री एकदम गार झाली की वस्तूंवर दव धरते. तळघरात ते कमी होते.

चौथा नियम मांडणीचा. दारू थेट जमिनीवर टेकवायची नाही. आत लाकडी माच घालायचा आणि माचावर दारूचे बस्ते आणि मडकी ठेवायची. बाण आणि होके, म्हणजे पेटवून टाकायचा दारूचा सरंजाम, तळघरात न ठेवता मधल्या घरात वेगळा ठेवायचा. एकाला काही झाले तर दुसरे वाचावे.

पाचवा नियम सर्वांत महत्त्वाचा. आठ-पंधरा दिवसांनी गडाच्या हवालदाराने स्वतः यायचे. दारू, बाण, होके बाहेर काढून त्यांना ऊन द्यायचे आणि परत आत ठेवून पुन्हा मुद्रा, म्हणजे सील, करायचे.

सहावा नियम पहाऱ्याचा. कोठारावर कायम राखणदार हवा, त्याने रात्रंदिवस जागे राहायचे आणि परवानगीशिवाय कुणालाही आसपास फिरकू द्यायचे नाही.

अंबारखान्याबद्दलही पंत असेच काटेकोर. आग, उंदीर, कीड, मुंगी आणि वाळवी यांपैकी कशाचाही उपद्रव होणार नाही अशी दगडी जमीन आणि पक्की गच्ची करा, हे त्यांचे सांगणे.

दारू सादळते म्हणजे काय होते?

तुम्ही म्हणाल, भिजली तर वाळवून घ्यायची, त्यात काय? तसे नाही. काळ्या दारूतला कोळसा सच्छिद्र असतो, तो हवेतली ओल ओढतो. शोरा मातीतून काढलेला, त्यात मिठासारखे दुसरे क्षार राहून गेले असतील तर तेही पाणी ओढतात. दमट हवेत उघडे ठेवलेले मीठ कसे पाझरते, तसेच. ओल वाढली की शोरा त्या पाण्यात विरघळतो आणि दाण्याच्या बाहेर येऊन पांढरा थर धरतो. मग ती दारू वाळवली तरी शोरा एकीकडे आणि कोळसा-गंधक दुसरीकडे. मिसळ फुटली ती फुटलीच. पेटवली तर फुसफुस करील, पण गोळा फेकणार नाही.

म्हणून पंतांचा नियम दारू भिजल्यावर वाळवण्याचा नाही. भिजण्याआधीच, ठरल्या दिवशी उघडून बघण्याचा आहे. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रोगाची फवारणी डाग पडल्यावर करायची की हवामान बघून आधी करायची, हे द्राक्ष आणि डाळिंबवाल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

नियम मोडला की काय होते?

पंत १७१६ मध्ये गेले. पन्हाळ्यावर त्यांची समाधी आहे. नियम कागदावर राहिले. पुढे काय झाले ते बघा.

११ सप्टेंबर १७५१ रोजी सिंहगडावरच्या दारूच्या कोठारावर वीज पडली. गडाच्या फडणिसांचे घर त्या स्फोटात उद्ध्वस्त झाले आणि घरातली सगळी माणसे दगावली. घरांजवळ कोठार नको, हा पहिला नियम पंतांनी उगाच सांगितला नव्हता.

आपल्या शेजारच्या मालेगावचेच घ्या. नारोशंकरांनी बांधलेला तिथला किल्ला १८१८ च्या उन्हाळ्यात इंग्रजांनी वेढला. आतल्या अरबांनी तो असा लढवला की इंग्रज जेरीस आले. जून १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांचे गोळे किल्ल्यातल्या दारूच्या साठ्यावर पडले, स्फोट झाला आणि आतल्या तटाचा मोठा भाग खंदकात कोसळला. त्यानंतर थोड्याच दिवसांत किल्ला पडला. शत्रूने पाडला त्यापेक्षा जास्त तट आपल्याच दारूने पाडला.

आपल्याकडेच असे घडले असे समजू नका. हॉलंडमध्ये १६५४ साली डेल्फ्ट शहराच्या वस्तीतले दारूचे कोठार उडून शहराचा मोठा भाग गेला. इटलीत ब्रेशा गावी १७६९ मध्ये साठवलेल्या दारूवर वीज पडली आणि अनेक माणसे मेली. त्यानंतर युरोपात कोठारांवर वीजरोधक बसवायला वेग आला. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीत जे जहाज फुटले, त्यावर दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकत्र भरलेल्या होत्या. आग कापसाला लागली आणि पुढचे सर्वांना ठाऊक आहे. ३१ मे २०१६ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या लष्करी दारूगोळा भांडाराला आग लागली. अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाचे लोक त्यात गेले. तेव्हा चर्चा झाली ती जुन्या, गळू लागलेल्या स्फोटकांची. एवढी शास्त्रीय प्रगती झाली, तरी वेळच्या वेळी साठा तपासा आणि खराब माल बाजूला काढा, हा नियम सुटत नाही.

आपल्याला यातून काय घ्यायचे?

बंधूंनो, आपल्याकडे आज तोफा नाहीत. पण साठवण आहे आणि सटाण्याच्या बऱ्याच घरांचे वर्षाचे गणित त्या साठवणीवर उभे आहे. पंतांचे नियम घरात लावून बघा.

कांदा चाळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, खालून वारा खेळता, हाच पंतांचा माच. चाळ भरून कुलूप लावायचे आणि भाव येईल तेव्हाच उघडायचे, हा घातक हिशेब. आठ-पंधरा दिवसांनी चाळीत स्वतः जा, वास घ्या, सडका कांदा वेचून काढा. एक सडका शेजारच्या दहांना घेऊन जातो. धान्य भरताना दाताखाली कडक वाजले पाहिजे. ओलावा १०-१२ टक्क्यांवर आला की मगच पोती शिवा. पोती भिंतीला चिकटवू नका, खाली फळ्या टाका. खताच्या गोण्याही फळ्यांवरच, आणि अर्धी वापरलेली गोणी घट्ट बांधून. युरिया हवेतली ओल ओढतो. खत, डिझेल आणि कडबा एकाच खोलीत कोंबू नका.

आता नाजूक विषय. पीक संरक्षणासाठी ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे, त्यांनी काडतुसे कोरड्या जागी, कुलुपात, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवावीत. चुलीजवळ नको, पत्र्याखाली तापणाऱ्या माळ्यावर नको, खताशेजारी तर नकोच. हिरवट गंज धरलेले किंवा फुगलेले काडतूस वापरून बघू नका. ते परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात द्या. दारू उन्हात वाळवायचा पंतांच्या काळचा उपाय आज घरी करायचा नाही. तो गडावरच्या जाणत्या माणसांचा, पहाऱ्यातला उपाय होता. आज कायदा वेगळा आहे आणि स्फोटकेही वेगळी आहेत.

विहिरीच्या सुरुंगाचे तसेच. स्फोटाचे काम परवानाधारकाकडूनच करून घ्या आणि उरलेले तोटे-केप घरात ठेवून घेऊ नका. पुढच्या वर्षी उपयोगी पडतील म्हणून कोनाड्यात ठेवलेला तोटा ओल धरतो, कधी त्यातून चिकट पाझर सुटतो आणि मग त्याला हात लावणेही जिवावरचे. असे काही जुने सापडले तर उचलू नका, उन्हात टाकू नका, जाळू नका. माणसे लांब करा आणि पोलिसांना कळवा. पोलीस पाटलांनी यात पुढाकार घ्यावा. गावाला त्यांचे ऐकायची सवय असते.

भाऊसाहेबांसाठी चार शब्द

गावकारभार पाहणाऱ्या मंडळींनी पंतांच्या पाचव्या नियमाकडे नीट बघावे. कोठार तपासायला कुणी यायचे? हाताखालचा शिपाई नव्हे, खुद्द हवालदार. गडावर हवालदार म्हणजे मुख्य अधिकारी. त्याने समोर उभे राहून साठा बाहेर काढायचा, बघायचा आणि मग पुन्हा सील करायचे. तपासणी झाल्याची सही घरबसल्या करायची सोय पंतांनी ठेवली नाही.

आपल्याकडे रेशनचे गोदाम असते, शाळेच्या पोषण आहाराची खोली असते, अंगणवाडीचा कोठा असतो, सोसायटीचे खताचे गोदाम असते. पावसाळ्यात किती वेळा ती कुलपे उघडून, पोते हलवून, भिंतीला हात लावून बघितले जाते? नोंदवहीत साठा सुरक्षित आणि पोत्यात बुरशी, असे झाले तर नुकसान सरकारचे नाही, ताटावर बसलेल्या लेकराचे. गावाने ठरवले तर पंधरा दिवसांची तारीख भिंतीवर लिहिता येते. ठरल्या दिवशी गोदाम उघडायचे, दोन गावकरी साक्षीला घ्यायचे, वहीवर त्यांच्यासमोर सह्या करायच्या. याला पैसा लागत नाही, शिस्त लागते.

साल्हेर, पन्हाळा आणि जिंजी हे तिन्ही गड २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. बारा किल्ल्यांच्या त्या यादीत आपल्या तालुक्याचा गड आहे, ही अभिमानाची गोष्ट. साल्हेर ज्या काळी लढला, त्या काळी पंत दफ्तरात होते. पन्हाळा आणि जिंजी या दोन टोकांमधले राज्य त्यांनी सावरले. गडावर जाल तेव्हा दरवाजे, टाकी, तट बघालच. त्याबरोबर कोठारांच्या पडक्या जोत्यांकडेही बघा. तिथे उकरू नका, दगड हलवू नका. जुना गोळा किंवा तसले काही दिसले तर हात न लावता कळवा. पण क्षणभर उभे राहा. बाहेर धो धो पाऊस, ढगांत हरवलेला गड, आणि पंधरवड्याची उघडीप साधून दारूची मडकी बाहेर काढायला आलेला हवालदार मनात आणा. असे शेकडो अनामिक हवालदार गडोगडी आपले काम चोख करत होते, म्हणून राज्य टिकले. पंतांनी त्यांचे काम लिहून ठेवले, एवढेच.

मृग आता फार लांब नाही. चाळीची ताडपत्री फाटली असेल तर आजच शिवा, गोदामाच्या पन्हाळी साफ करा, कणगीखाली फळ्या सरकवा. आणि पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी, स्वतः, आपल्या हाताने कुलूप उघडून बघा.